सावळा रंग विकत घेताना

लोकलच्या लेडीज डब्यात मेकअप करणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. ठाणं येईपर्यंत कॉम्पॅक्ट, मग काजळ, आणि घाटकोपरच्या गर्दीत चहूबाजूंनी कोपरं लागत असताना, जराही न हलणाऱ्या हाताने ओढलेली आयलायनरची रेघ. मी त्यांच्यात पर्स उघडून कधी बसत नाही. माझा मेकअप घरीच, डोंबिवलीच्या बाल्कनीतल्या उजेडात, आरसा ग्रिलला टेकवून पुरा झालेला असतो. त्या ज्यासाठी रंग लावतात, त्याच्या अगदी उलट कारणासाठी मी लावते. कोणीतरी बघावं, बघून क्षणभर थांबावं, अशी त्यांची इच्छा असते. माझ्याकडे बघून नजर न थांबता पुढे सरकावी, एवढंच मला हवं असतं. दोन्ही गोष्टी एकाच दुकानातून, एकाच फडताळावरून विकत मिळतात, म्हणून लोक त्यांना एकच नाव देतात. पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

मला कोड आहे. ओठांच्या दोन्ही कडांना, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, कानाखाली मानेवर आणि बोटांच्या पेरांवर. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांना शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती परकं समजून मारून टाकते. जिथे त्या मेल्या तिथला रंग गेला. जगात शंभरात साधारण एका माणसाला हे होतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, बहुतेकदा दुखत-खुपतही नाही. उन्हात मात्र ती जागा चटकन भाजते, कारण छत्री धरणारा रंगच तिथे नसतो. वैद्यकीय बाजू सांगायची तर एवढी पुरे. बाकीचा सगळा आजार समोरच्याच्या डोळ्यांत असतो.

तो कसा असतो ते सांगते. मी बँकेत काउंटरला बसते. समोरचा माणूस बोलताना माझ्या डोळ्यांत बघत नाही, तोंडाच्या कडेकडे बघतो. मग आपण तिकडे बघतोय हे त्याच्या लक्षात येतं आणि तो एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागतो. पासबुक परत घेताना ते टोकाला धरायचं, म्हणजे बोटं लागायला नकोत. एका आजोबांनी अगदी सौजन्याने विचारलं होतं, "या खिडकीला दुसरं कोणी नाही का हो, बाई?" त्यांचा राग मला आला नाही, निदान तेव्हा तरी. पांढऱ्या कोडाची आणि कुष्ठरोगाची गल्लत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि ती त्यांनी काही स्वतः तयार केलेली नव्हती. पण दिवसातून अशी दहा माणसं भेटली की संध्याकाळी आपण नोकरी करून आलोय की प्रदर्शनात बसून आलोय हे कळेनासं होतं.

आमच्या सांगलीच्या घरात पहिला डाग दिसला तेव्हा सल्ल्यांची रांग लागली. दही बंद, आंबट बंद, पांढरं काही खायचं नाही. मासे आणि दूध कधी एकत्र खाल्लं होतं का याची चौकशी, आमच्या शाकाहारी घरात! आत्याने गुरुवार धरायला सांगितले. "चंद्रालाही डाग असतो गं," हे एका मावशीचं सांत्वन. चंद्राला कांदेपोहे घेऊन कोणापुढे जावं लागत नाही, हे तिला सांगायला हवं होतं. आईने बावचीचं तेल आणलं आणि ते लावून मला गच्चीत उन्हात बसवलं. टरारून फोड आले. आईचं फार चुकलं होतं असंही नाही. बावचीत सोरॅलेन असतं, आणि सोरॅलेनवर अतिनील किरण पडले की रंग परतू शकतो, यावरच डॉक्टरांची एक उपचारपद्धती उभी आहे. फक्त ते किरण मोजून देतात. आमच्या गच्चीवर ऊन होतं, माप नव्हतं.

पुढे कधीतरी वाचताना अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात या डागांवरचं सूक्त आहे असं कळलं. त्यात एका वनस्पतीला हाक मारली आहे. तू रात्री उगवलेली आहेस, काळी आहेस, तर हे रजनी, या डागाला रंगव. मला ते फार आवडलं. तो ऋषी कारण विचारत नाही, मागच्या जन्मीचं पाप काढत नाही, पथ्य सांगत नाही. सरळ रंग मागतो, आणि तोही काळा.

कारण आजच्या बाजारात काळा-सावळा रंग मागणं म्हणजे वेडेपणाच ठरतो. दादरला दुकानात गेले की काउंटरवरची मुलगी माझ्या मनगटाकडे बघते आणि दोन शेड उजळ बाटली पुढे करते. "मॅम, ही घ्या, फ्रेश दिसेल." मी म्हणते, मला माझ्याच रंगाची हवी. ती म्हणते, तुमचा रंग हाच आहे, फक्त थोडा ब्राइट. मी म्हणते, ब्राइट नको. मग ती माझ्याकडे अशी बघते की या बाईला एकतर पैसे कळत नाहीत किंवा आरसा. या देशात १९७५ पासून गोरेपणाची ट्यूब घरोघरी गेली, २०२० साली तिच्या नावातून तेवढा गोरेपणा काढला, आणि दुकानातल्या मुलीचा हात अजूनही आपोआप उजळ बाटलीकडेच जातो. जिकडेतिकडे लोक गोरेपणा विकत घेताहेत, आणि जिच्या अंगावर तो फुकट, न मागता, पसरत चालला आहे ती मी, सावळा रंग विकत घ्यायला उभी. यात विनोद आहे हे मला कळायला बरीच वर्षं लागली. आता दर वेळी दुकानातून बाहेर पडताना हसू येतं.

शिवाय तो रंग एका बाटलीत मिळतच नाही. आपली त्वचा एका रंगाची कुठे असते? कपाळ गडद, गाल त्याहून फिके, तोंडाभोवती पुन्हा गडद, मान वेगळीच. त्यात उन्हाळ्यात आजूबाजूची त्वचा रापते आणि डाग होता तसाच राहतो, म्हणजे मे महिन्यात जुळलेली शेड डिसेंबरात जुळत नाही. म्हणून मी दोन शेड ठेवते, एक माझ्याहून जराशी गडद, एक जराशी फिकी, दोन्हींत पिवळट झाक. गुलाबी झाक असलेली बाटली आपल्या कातडीवर राखेसारखी दिसते. तळहाताच्या मागे दोन्ही कालवून त्या दिवसाचा रंग काढायचा.

लावायचीही एक रीत आहे आणि ती घाईत होत नाही. आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, कारण डागाची जागा भाजते. ते मुरेपर्यंत थांबायचं. मग झाकायचा रंग घ्यायचा, तो साध्या फाउंडेशनपेक्षा घट्ट असतो. तो चोळायचा नाही. चोळला की मध्यभागी पातळ होतो आणि कडेला साचतो, आणि झाकायला गेलेल्या डागाभोवती उलट चौकट उभी राहते. अनामिकेने किंवा स्पंजने टिपत टिपत लावायचा, पातळ थर, थांबायचं, पुन्हा पातळ थर. कड डागाच्या थोडी बाहेर नेऊन विरवायची. मग वरून पावडर अशी लावायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई पिठाच्या गिरणीतून आली. ती काही मिनिटं तशीच ठेवायची, या वेळात मी डबे भरते. मग मऊ ब्रशने जादाची पावडर झटकायची. एवढं केलं तर मुंबईच्या घामात दुपारपर्यंत टिकतं. पावडरची पायरी टाळली तर कुर्ल्यालाच ओढणीवर उतरतं. आणि हे सगळं दिवसाच्या उजेडात करायचं. ट्यूबलाइटखाली अचूक जुळलेला रंग बाहेर पडल्यावर नारिंगी निघतो, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच बाल्कनीचं महत्त्व कळेल.

ही विद्या कोणा सौंदर्यसम्राज्ञीने काढलेली नाही, याचं मला बरं वाटतं. अमेरिकेत लिडिया ओलिअरी नावाची एक बाई होती, तिच्या चेहऱ्यावर जन्मतःच मोठी जांभळट खूण होती. तिने स्वतःसाठी म्हणून अपारदर्शक रंग बनवला, १९२८ मध्ये तो कव्हरमार्क या नावाने बाजारात आणला आणि १९३२ मध्ये त्याचं पेटंटही मिळवलं. त्या काळी सौंदर्यप्रसाधनं पुष्कळ होती, पण ती आहे तो चेहरा खुलवणारी. चेहऱ्यावरची गोष्ट गायब करणारी वस्तू तिला हवी होती आणि ती कोणी केलेली नव्हती, म्हणून तिने केली.

हातांपुढे मात्र तिचीही विद्या चालत नाही. हात धुवावे लागतात. भांडी, भाजी, नोटा, सॅनिटायझर, काय काय. "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणतात, पण माझी मूठ झाकली तरी पेरं बाहेरच. हातांसाठी मी काही वर्षं डायहायड्रॉक्सिॲसिटोन असलेलं लोशन वापरलं. त्याचा शोधही गमतीचा आहे. १९५० च्या दशकात सिनसिनाटीत इव्हा विट्गेनस्टाइन नावाच्या संशोधक लहान मुलांच्या एका विकारासाठी हे औषध पोटातून देत होत्या, ते मुलांच्या अंगावर सांडलं आणि तिथली कातडी तपकिरी झाली, कपडे मात्र डागाळले नाहीत. ते कातडीच्या वरच्या मेलेल्या थराशी संयोग पावून रंग देतं, म्हणून धुतलं तरी जात नाही, तो थर झडेल तसं काही दिवसांत जातं. पेरांवर ते नीट बसलं तर छान, नाही बसलं तर हळद खेळून आल्यासारखं दिसतं. शेवटी मी हात सोडून दिले. तोंड झाकलेलं आणि हात उघडे, अशीच मी आता वावरते. काहींना हे विसंगत वाटतं. वाटो. मला हात धुवायला आवडतात.

हातांवर सगळ्यांत चांगली चालते ती मेंदीच. मेंदीला मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, लागत नाही, ती कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर चढते, त्यामुळे डागावरही रंगते. फिक्या जागी ती जास्त लालभडक दिसते, पण वेलबुट्टीच्या भानगडीत डागाची कड कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे शोधणाऱ्याला सापडत नाही. लग्नकार्यात मी भरगच्च मेंदी काढून घेते. सगळ्यांना वाटतं हौशी आहे.

आणि झाकणारी वस्तूच डाग देते असंही घडतं. आमच्या शेजारच्या काकूंच्या कपाळावर बरोब्बर मधोमध, टिकलीच्या जागी, पांढरा गोल उमटला होता. चिकट टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफिनॉल नावाचं रसायन असायचं, ते काहींच्या रंगपेशींना मारतं, हे त्वचेच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावायला सुरुवात केली, मग डागही मोठा झाला, मग त्याहून मोठी टिकली. त्वचारोगतज्ज्ञांनी टिकली बंद करायला सांगितली तेव्हा काकू म्हणाल्या, "मोकळ्या कपाळाने फिरू? ह्यांना काय झालंय का?" आता त्या ओलं कुंकू लावतात आणि डाग तिथल्या तिथे थांबला आहे.

मायकेल जॅक्सनबद्दल आमच्या कॉलेजात मुलं म्हणायची की त्याने पैसे टाकून गोरेपणा घेतला. त्याने १९९३ मध्ये ओप्रा विन्फ्रीला मुलाखतीत सांगितलं होतं की हा त्वचेचा आजार आहे, आणि २००९ च्या शवविच्छेदनाच्या अहवालात कोडाची नोंद आहे. तो २५ जूनला गेला, म्हणून जागतिक कोड दिन त्या तारखेला असतो. जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध माणसाने सांगूनही लोकांना ते खरं वाटलं नाही, तर बँकेच्या काउंटरवरून मी कोणाकोणाला पटवणार?

लोक मला म्हणतात, झाकतेस कशाला, आहे तसं स्वीकार. हे म्हणणारे बहुतेक जण नितळ कातडीचे असतात हा योगायोग असेल. मी स्वीकारलेलं आहे. घरी, सोसायटीत, भाजीवाल्याकडे मी मेकअपशिवायच असते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, ज्यांना स्वतःला कोड आहे, कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन सुरू केली. अशा ठिकाणी एकदा जाऊन बसलं की 'स्वीकार' या गोष्टीचा अर्थ कळतो. खोलीतल्या कोणाचीच नजर कोणावर अडत नाही, आणि मग लोक पोरांच्या ॲडमिशनबद्दल बोलायला लागतात. माझा मेकअप नेमकं हेच काम करतो. समोरच्याला पोरांच्या ॲडमिशनपर्यंत लवकर पोचवतो.

कोविडच्या मास्कनेही ते करून दाखवलं होतं. त्या दोन वर्षांत माझ्या तोंडाभोवतीच्या डागांना सुट्टी मिळाली होती. सगळा देश तोंड झाकून हिंडत होता आणि काउंटरच्या पलीकडचा माणूस पहिल्यांदाच थेट माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता, कारण बघायला तेवढेच होते. बाकी जग घुसमटत होतं तेव्हा मला हे वाटत होतं, हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातली एक हकीकत मला नेहमी आठवते. इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिनस्टेड नावाचं एक गाव आहे. तिथल्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये आर्चिबाल्ड मॅकिन्डो हे शल्यविशारद विमानांत होरपळलेल्या वैमानिकांचे चेहरे नव्याने घडवत. एकेकाला कित्येक शस्त्रक्रिया लागायच्या, आणि मधल्या काळात चेहरा अर्धवट, कातडीची नळी नाकाला जोडलेली, अशी अवस्था. मॅकिन्डोंनी या पोरांना वॉर्डात डांबून ठेवलं नाही. गावात पाठवलं, पबमध्ये, सिनेमाला. आणि आधी गावकऱ्यांना सांगितलं की ही मुलं येतील, त्यांच्याकडे टक लावून बघू नका, त्यांच्याशी नेहमीसारखं बोला. गावाने ते ऐकलं. न निरखणारं गाव अशीच त्याची पुढे ओळख झाली. म्हणजे चेहरा झाकण्याऐवजी त्यांनी नजरेवर काम केलं. हे जमू शकतं, याचा तो पुरावा आहे. पण तिथे एक गाव होतं, एक ठाम डॉक्टर होता आणि ती पोरं युद्धातले वीर होती. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत रोज माझ्याबरोबर किती माणसं असतात? त्यांना कोण सांगणार? तेवढ्यांची नजर बदलेपर्यंत मी पावडर लावते.

झाकण्याला माझ्या लेखी एक मर्यादा आहे, आणि ती गेल्या महिन्यात पुन्हा समोर आली. आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलीच्या मानेवर आणि खांद्यावर कोड आहे. मैत्रीण मला कॅन्टीनमध्ये बाजूला घेऊन म्हणाली, "तू इतकं छान करतेस, साखरपुड्याला हिचं करून दे ना. त्यांच्याकडे अजून बोललो नाही. एकदा लग्न झालं की बघू." मी नाही म्हटलं. लोकलमधल्या अनोळखी बाईला माझी कातडी जाणून घ्यायचा काहीएक हक्क नाही, पण ज्याच्या शेजारी ती रोज सकाळी उठणार आहे त्याला आहे. शिवाय त्यात त्या पोरीचेच हाल. पावसात भिजायचं नाही, पोहायचं नाही, तो झोपल्यावर झोपायचं आणि उठायच्या आत उठून बाल्कनीत जायचं. अशी संसार काढलेली एक बाई मला माहीत आहे. नवऱ्याला कळलं तेव्हा तो डागावर नाही, लपवण्यावर चिडला, आणि तिला मात्र आयुष्यभर वाटत राहिलं की तो डागावरच चिडला. मी मैत्रिणीला म्हटलं, आधी सांगा, मग लग्नाच्या दिवशी मी स्वतः येऊन करते, तेही आनंदाने. ती रुसली. दोन-तीन दिवस डबा वेगळा खाल्ला.

मग मुलगीच मला भेटायला आली. एकटी, आईला न सांगता. म्हणाली, "मावशी, मी सांगितलं त्याला." काय म्हणाला, मी विचारलं. "म्हणाला, माहितीय. माझे ट्रेकचे जुने फोटो त्याने स्थळ आलं त्याच दिवशी खालपर्यंत स्क्रोल करून बघितले होते. राजगडाच्या फोटोत माझा खांदा उघडा आहे. तो वाट बघत होता मी कधी सांगते याची." आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

"मग आता मेकअप नको ना?" मी म्हटलं.

"नको कसा? त्याला माहीत आहे, त्याच्या आईबाबांना माहीत आहे. हॉलमध्ये चारशे माणसं येणारेत. हार घालताना चारशे जणांना काय काय सांगत बसू?"

तिचा रंग माझ्याहून गडद आहे, त्यामुळे माझ्या दोन शेड चालणार नाहीत, तिसरी आणावी लागेल. पार्लरवाली नवरीला दोन शेड उजळ करायला टपलेलीच असणार, तिला चेहरा देऊ, मान माझ्याकडे. लग्न मे महिन्यातलं, हॉल नॉन-एसी, आणि शालूचा काठ जरीचा, तो मानेला घासणार. पावडर जास्त ठेवायला हवी. हॉलमधले दिवे पिवळे आहेत की पांढरे, ते आधी एकदा जाऊन बघून येणार आहे.